चित्रातला हिसका

चित्र हललं. तसं ते हलायलाच हवं होतं. दंगलीत कॅमेरा धरणाऱ्याचा हात स्थिर राहिला असता तर उलट शंका यायची. पण जॅनिसला हा हिसका खटकला. आधी चित्र डावी-उजवीकडे हिंदकळत होतं, धक्काबुक्कीत हिंदकळतं तसं, आणि मग एकदम खाली गेलं, वर आलं, खाली गेलं, वर आलं. धक्के खाणारा माणूस असा तालात हलत नाही. तिनं दोन व्हिडिओ मशिनांच्या मधल्या पेटीवरची चकती उलटी फिरवली. डावीकडच्या मशीनच्या पोटात फीत कुरकुरली, पडद्यावरचे पोलीस पाठमोरे पायऱ्या चढून गेले, आणि उगारलेल्या काठ्या हळूच खाली आल्या. मग तिनं चकती पुढं ढकलली, एका वेळी बोटभर. पायरीवर आडवा पडलेला पोलीस, त्याचं हेल्मेट गेलेलं, केस पातळ. चित्राच्या तळातून काहीतरी तपकिरी वर आलं आणि त्याच्या तोंडाकडं गेलं. अजून बोटभर. तो बूट होता. बुटाची नाडी लाल होती. ती नाडी जॅनिसनं स्वतःच्या बुटातून काढून रसेलला दिली होती, त्याची काळी तुटली त्या दिवशी. रसेल तिचा होता, नाताळपासून. आणि विद्यापीठात मंत्र्याच्या सभेला दंगल झाली त्या दिवशी पायऱ्यांवर कॅमेरा रसेलच्याच खांद्यावर होता.

तिनं चित्र धरून ठेवलं. चित्र धरून ठेवलं की आत फिरणारं डोकं फितीच्या त्याच जागेवर घासत राहतं आणि ती जागा झिजते, हे फिलिपानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फिलिपा विद्यार्थ्यांच्या टीव्ही केंद्राची प्रमुख, बोलणं शाही, पण मशीनला हात लावला की नखं काळी करून घेणारी. 'बघायचं तेवढं बघा आणि सोडा, बायांनो, ही फीत आहे, भिंत नव्हे.' जॅनिसनं सोडलं नाही. बुटाच्या आणि पोलिसाच्या तोंडाच्या मध्ये आणखी काहीतरी होतं. पांढरट, पसरलेलं. तिनं चकती मागं घेतली, पुढं घेतली. दोन हात होते. उजवीकडून कुणीतरी वाकून त्या पोलिसाच्या डोक्याभोवती दोन्ही हात धरले होते, बोटं फाकवून, गरम भांडं उचलताना धरतात तसे. मनगटांवर हिरव्या लोकरीच्या बाह्या, एकीचं टोक उसवलेलं. ते टोक तिनं रोज सकाळी स्वयंपाकघरात पाहिलं होतं. बूट त्या बोटांवर बसला. मग पुन्हा बसला. तिसऱ्यांदा बोटं बाजूला झाली होती आणि बूट डोळ्यावर गेला.

एम्रिस वसतिगृहात तिच्याच मजल्यावर राहायचा. वेल्सचा, खाणकामगाराचा मुलगा, रसायनशास्त्र शिकणारा, राजकारणात काडीचा रस नसलेला. त्या दिवशी तो वाचनालयातून परत येत होता, एवढंच. पोलिसांनी त्याला रक्तानं माखलेल्या हातांसह पकडलं आणि त्याच हातांची मोडलेली बोटं पुरावा म्हणून लिहून घेतली: मारून मारून मोडली. त्या कॉन्स्टेबलचा डोळा गेला होता. येत्या सोमवारी कोर्ट होतं, आणि वकील म्हणत होता की काही वर्षं तर नक्कीच. एम्रिसचा बाप बसनं आला होता. वर्षभर खाणीच्या संपावर बसून, पोलिसांच्या काठ्या खाऊन हरलेला माणूस, टोपी गुडघ्यावर ठेवून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला होता. 'तू मारलंस का रे?' 'नाही, बाबा.' 'मग हात कसा मोडला?' 'मी मध्ये घातला.' बापानं टोपीकडं बघितलं. पोलिसाला लाथ मारली असती तर त्याला कदाचित बरंच वाटलं असतं. पण मारून वर नाही म्हणणं त्याला पटत नव्हतं. जॅनिस तेव्हा एम्रिसच्या टोस्टला लोणी लावत होती, कारण प्लास्टरच्या हातानं त्याला सुरी धरता येत नव्हती. तिलाही ते खरं वाटलं नव्हतं. चित्र तिनं पूर्ण वेगात दहादा पाहिलं होतं, आणि पूर्ण वेगात ते हात मारताना दिसत होते.

आता तिला ते बघवेना, आणि पुन्हा बघावंसं वाटलं. दोन्ही एकाच वेळी. आवाजाची कळ वर केली. आरडाओरडा, शिट्ट्या, काच, आणि या सगळ्याच्या अलीकडं, माइकच्या अगदी जवळ, प्रत्येक हिसक्याबरोबर एक श्वास: हंऽ. हंऽ. हंऽ. तो श्वास तिच्या मानेच्या ओळखीचा होता. तिनं मानेवरून हात फिरवला.

खोली विद्यार्थ्यांच्या बारच्या वर होती. पूर्वी तिथं कोट टांगायची जागा होती. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून ती टीव्हीची केली होती. दोन यू-मॅटिक मशिनं, दोन पडदे, मध्ये चकत्यांची पेटी, आणि खालून वर येणारा बिअरचा वास. डावीकडं मूळ कॅसेट, उजवीकडं कोरी. हवा तो तुकडा डावीकडं शोधायचा, कळ दाबायची, मग दोन्ही मशिनं थोडी मागं जाऊन एका दमात पुढं धावायची आणि धाडकन सांधा बसायचा. 'सांधा दिसता कामा नये,' फिलिपा म्हणाली होती, 'हिसका आला की तो काप, पुढचं आधीच्याला चिकटव, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की काही झालंच नाही.' जॅनिसला हे शिकवावं लागलं नाही. डॉनकास्टरच्या घरात हे काम तिची आई करायची, आणि ते काम तिला उत्तम जमायचं. बाप बस चालवायचा. बसमध्ये म्हाताऱ्यांना हात देऊन चढवायचा, पोरांना फुकट फिरवायचा. घरी रविवारच्या जेवणात काहीतरी व्हायचं. मांस कोरडं, किंवा तेही नाही. हात उठायचा. आणि मग लगेच, मध्ये काहीच नसल्यासारखी, आई म्हणायची, 'कस्टर्ड कुणाला हवंय?' गालावर चार बोटं उठलेली आणि हातात कस्टर्डचा डाव. जॅनिस तो सांधा शोधायची. आधी काय होतं आणि नंतर काय आहे हे दिसायचं, मधलं कधी हाती लागायचं नाही. बाप स्वतः सुद्धा आईनं जोडलेलंच पाहायचा. कस्टर्ड छान झालंय म्हणायचा, आणि ते मनापासून म्हणायचा. आपल्याला त्याचा राग यायचा की आईचा, हे जॅनिसला आजवर ठरवता आलेलं नव्हतं. एवढं मात्र आठवतं की टेबलाखाली तिचा पाय हलायचा. हवेत, कुणाला न लागेल असा.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राची बैठक झाली होती. कॅमेरा कुणी धरला हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, पोलिसांना तर नाहीच नाही, असं हात वर करून ठरलं. जॅनिसचाही हात वर होता. रसेलनं तेव्हा सुस्कारा टाकून म्हटलं होतं, 'म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात भारी चित्र घेतलं मी, आणि नाव नाही. वा.' सगळे हसले होते. हे त्याचं नेहमीचं रडगाणं. आपण सगळ्यांना दाखवतो आणि आपल्याला कुणी बघत नाही. मँचेस्टरच्या एका टीव्ही कंपनीत त्याला शिकाऊ नोकरी मिळाली होती, उन्हाळ्यापासून, आणि ते पत्र तो खिशात घेऊन फिरायचा.

तिनं कॅसेट बाहेर काढली. पालथी केली. पाठीवर लाल गुंडी होती. ती काढली की मशीन त्या कॅसेटवर नवं काही उमटवत नाही. नव्या कॅसेटी कधीच मिळायच्या नाहीत, म्हणून गुरुवारचा कार्यक्रम बारमध्ये दाखवून झाला की मूळ कॅसेटीवर पुढच्या आठवड्याचं उमटवायचं, हा इथला रिवाज. काढलेल्या गुंड्या मुरांब्याच्या बरणीत टाकायच्या आणि ज्याला हवी त्यानं बरणीतून घ्यायची. जॅनिसनं नखानं गुंडी उचकटली. नख मोडलं. गुंडी तिनं तोंडात टाकली, का ते तिलाही कळलं नाही, आणि दातांखाली धरून ठेवली.

तेवढ्यात रसेल चिप्स घेऊन आला. व्हिनेगरचा वास त्याच्या आधी आत शिरला.

'खा गं. सकाळपासून कोंडून घेतलंयस. कुठवर आलं?'

'पायऱ्यांपर्यंत.'

'मग झालंच की. तो मधला हलणारा तुकडा काढून टाक. मला कुणीतरी ढकललं तिथं, डोकं उठतं बघताना.' तो टेबलाच्या कडेला टेकला आणि बोलता बोलता कॅसेट उचलली. तिच्या पाठीवरून त्याचा अंगठा फिरला. इथं प्रत्येकाचा फिरतो, सवयच. अंगठा भोकात अडकला.

'गुंडी कुठंय?'

तिनं ती तळहातावर थुंकली.

त्यानं कॅसेट खाली ठेवली. एक चिप खाल्ली. 'जॅन,' तो म्हणाला, 'तू नाही समजायचीस. त्यानं आधी एका पोरीला केसांना धरून खाली ओढलं होतं. तो पडला आणि... तुला नाही कळायचं, तू वर खिडकीत होतीस.'

'तिथं हात होते, रसेल.'

'कसले हात?'

'एम्रिसचे. तू त्याची बोटं मोडलीस.'

'मी भिंगातून बघत होतो! भिंगात एवढंसं दिसतं, काळं-पांढरं, तुला माहीत नाही?' मग आवाज खाली आला, गोड झाला. 'अगं, त्याचा पहिला गुन्हा आहे. सोडतील त्याला. फार तर ताकीद. मी असलो तर संपलं सगळं माझं. मँचेस्टर, सगळं. त्या पोराचं काय जाणारे? परत जाईल डोंगरात, मेंढ्या मोजील.' तो हसला. तिनंही हसावं म्हणून थोडं थांबला. मग त्यानं बरणीत हात घालून एक लाल गुंडी घेतली, कॅसेट मांडीवर पालथी धरली आणि भोकावर गुंडी टेकवली. इतक्या सहज, की पुढच्या क्षणी तो कस्टर्ड कुणाला हवंय म्हणून विचारील असं तिला वाटलं.

तिनं कॅसेट हिसकावली. मशीनच्या वरचं झाकण उघडंच होतं, त्यात सरकवली. 'आण इकडं,' म्हणत त्यानं हात आत घातला, बोटं कॅसेटच्या कडेला गेली, आणि तिनं झाकण दोन्ही तळहातांनी दाबलं. नुसतं दाबलं नाही, त्यावर भार टाकला, टाचा उचलून. त्यानं आरडाओरडा केला नाही. हंऽ, असा श्वास सोडला. तोच. तो ऐकला आणि तिच्या अंगात पोटापासून वरपर्यंत काहीतरी ऊबदार चढलं, इतकं सुखाचं की तिला लाज वाटायला हवी होती आणि वाटली नाही. 'सोड,' तो म्हणाला. तिनं पुन्हा दाबलं. 'जॅन, सोड ना गं,' आणि आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला वाटलं, बघ, आता तू दिसतोयस. मग तिनं सोडलं. त्यानं बोटं तोंडात घातली, तिच्याकडं बघत दारापर्यंत मागं मागं गेला. 'वेडी आहेस तू,' म्हणाला. 'अख्खं खानदान वेडं असणार तुझं.' जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि खाली बारमध्ये कुणीतरी विचारलं, 'काय रे, हाताला काय झालं?' तो म्हणाला, 'दारात सापडली.' सांधा बसला.

ती कॅसेट घेऊन सरळ वकिलाकडं जाऊ शकली असती. वकिलाचं ऑफिस चौकातल्या बेकरीच्या वर होतं, आणि ते सहापर्यंत उघडं असायचं. तिला ते सुचलं. पण तिच्या हातांना काम हवं होतं. तिनं मशीन तपासलं, फीत धड होती. उजवीकडची कोरी कॅसेट पायऱ्यांपर्यंत भरलेली होती. तिनं हिसका शोधला, बुटापासून सुरुवात धरली, डोळ्यापर्यंत शेवट धरला, कळ दाबली. दोन्ही मशिनं मागं गेली, पुढं धावली, धाडकन. एक लाथ बसली. मग तीच पुन्हा शोधली, यावेळी चकती हातानं फिरवत, हळू. धाडकन. हात स्पष्ट दिसत होते. खरं तर एवढ्यानं भागत होतं. तिनं पुन्हा मागं घेतली. प्रत्येक लाथ वेगळी जोडावी लागते या मशिनांवर; आपोआप काही होत नाही; प्रत्येकीसाठी मागं जायचं, जागा धरायची, कळ दाबायची, वाट बघायची. ती दाबत राहिली. बाप टेबलाशी बसला होता आणि या वेळी आई कस्टर्ड म्हणत नव्हती, या वेळी हात उठायचा आणि लागायचा आणि पुन्हा उठायचा, सगळ्यांदेखत, शेजाऱ्यांदेखत, बसमधल्या म्हाताऱ्यांदेखत. सांधे उघडे टाकले होते तिनं, प्रत्येक सांध्यावर चित्र थडकत होतं, आणि ती तेच हवं म्हणत होती. केव्हातरी तिच्या लक्षात आलं की टेबलाखाली आपला पाय हलतोय आणि भिंतीला लागतोय. अंड्यांचा ट्रे फाटला होता. पाय दुखत होता आणि ते बरं वाटत होतं.

गुरुवारी सकाळी तिनं लोणी लावताना एम्रिसला म्हटलं, 'आज जेवायला बारमध्ये ये. कार्यक्रम बघायला.'

'मला नको गं ते. मी होतो की तिथं.'

'ये. तुझ्यासाठी काहीतरी आहे.'

'वाढदिवस नाहीये माझा,' तो हसून म्हणाला. पण आला. हिरवी लोकर, एका बाहीतून प्लास्टर बाहेर. बार खचाखच होता. मांसाचे पॅटिस आणि वाटाणे, धूर, सांडलेली बिअर. छतापासून टांगलेल्या पडद्यांवर केंद्राचं चिन्ह आलं. वरच्या खोलीत फिलिपानं कॅसेट लावली होती, बघितली नव्हती; जॅनिसच्या सांध्यांवर तिचा विश्वास होता. रसेल खिडकीजवळच्या टोळक्यात, बोटांना पट्टी, दुसऱ्या हातात ग्लास. तो जॅनिसकडं बघत नव्हता. त्याला वाटलं असावं, तिनं शेवटी ऐकलं.

मंत्र्याची गाडी आली, तिला बारनं शिव्या घातल्या. पायऱ्या आल्या. मग बूट वर आला आणि लाथ बसली. बार गप्प झाला. एकजण 'बाप रे' म्हणाला. मग हळू झालेली लाथ, हात फाकलेले, बोटांवर बूट. जॅनिस खांबाला टेकून लोकांचे चेहरे बघत होती. आता, ती म्हणत होती, आता बघा. तिसरी बसली. आणि कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, 'अजून एक द्या साहेबांना!' हशा पिकला. चौथ्या लाथेला हशाबरोबर टेबलं वाजली. पाचवीला सबंध बारनं 'हेऽ' केलं, फुटबॉलच्या मैदानावर करतात तसं, आणि मग प्रत्येक लाथेला हेऽ, हेऽ, ग्लास वर, पाय जमिनीवर. हातांकडं कुणी बघत नव्हतं. 'कोण रे हा वाघ?' काउंटरवरून आवाज आला. 'समोर आणा त्याला, बिअर माझ्याकडून!'

रसेलचा चेहरा पांढरा होता. तो पांढरा असताना जॅनिसनं त्याला पाहिलं. मग तो रंग बदलला. त्यानं आजूबाजूला बघितलं, पुन्हा पडद्याकडं, त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तो बाकावर चढला. जॅनिसला ते होण्याआधी कळलं आणि तिचा विश्वास बसला नाही. त्यानं उजवा पाय टेबलावर ठेवला, पँट वर ओढली, आणि लाल नाडी सगळ्यांना दिसली. 'हा बघा!' तो ओरडला. 'खांद्यावर कॅमेरा आणि पायात हा! एका वेळी दोन कामं!' बार फुटला. त्याला खांद्यावर घेतलं. बारवालीनं ऐकलं, दारातल्या रखवालदारानं ऐकलं, रसायनशास्त्राच्या दोन मास्तरांनी ऐकलं. सोमवारी त्यांतला कुणीही साक्ष देईल. एम्रिस सुटला होता. रसेल बुडाला होता आणि वर, माणसांच्या हातांवर, हसत होता. जॅनिसच्या छातीत आनंद उसळला, मोठ्यानं ओरडावंसं वाटण्याइतका, आणि पुढच्या लाथेला तिचाही पाय जमिनीवर आपटला.

'जॅनिस.'

एम्रिस शेजारी उभा होता. कपाळावर घाम, प्लास्टर छातीशी घट्ट धरलेलं. पडद्यावर बूट वर आला आणि त्याचे खांदे आवळले.

'बघितलंस?' ती म्हणाली. 'सगळ्यांना कळलं. तू सुटलास!'

'हो. बंद कर ना ते.'

'ते वरून चालू आहे. इथून नाही बंद होत.'

बूट बोटांवर बसला. बार म्हणाला, हेऽ. एम्रिसनं डोळे मिटले. त्याच्या तोंडावर राग नव्हता, तो असता तर तिला बरं झालं असतं. 'दुखतं गं,' तो म्हणाला, आपल्याशीच बोलल्यासारखा. 'एकदा दाखवलं असतंस तरी चाललं असतं.'

काल दुपारभर त्या खोलीत एम्रिस तिला एकदाही आठवला नव्हता. हात आठवले होते, बाह्या आठवल्या होत्या, पुरावा म्हणून. पुन्हा एक बसली. आता तिनं पडद्याकडं बघितलं आणि प्रत्येक लाथेच्या आधी तो लहानसा थडका तिला ऐकू आला, सांध्याचा, तिच्या बोटानं कळ दाबल्याचा.

'अजून आहेत?' एम्रिसनं विचारलं.

एकेक तिनंच जोडली होती. किती उरल्या ते या सबंध बारमध्ये फक्त तिला माहीत होतं.

'आहेत,' ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, भिंतीकडं तोंड केलं, आणि धड हात प्लास्टरवर ठेवून उभा राहिला.